पंधरा दिवस ताटं बदलली तर आतड्यात काय होतं: पिट्सबर्ग आणि क्वाझुलू-नातालचं प्रकरण

पिट्सबर्ग म्हणजे अमेरिकेतलं जुनं पोलादाचं शहर आणि क्वाझुलू-नाताल म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा पूर्व किनाऱ्याचा प्रांत, झुलू लोकांचा. या दोन ठिकाणच्या माणसांचं एक प्रकरण आहे, २०१५ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या जर्नलमध्ये छापून आलेलं, आणि लठ्ठपणा, पोटाचं आरोग्य आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर यावर कुणी काही विचारलं की मला आधी हेच प्रकरण सांगावंसं वाटतं, कारण यात नुसता सल्ला नाहीये, प्रत्यक्ष माणसांना जेवायला घालून मग आतड्यात कॅमेरा सोडून बघितलेलं आहे.

आधी परिस्थिती समजून घ्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण दर १ लाख माणसांमागे ६५ च्या आसपास धरलं होतं, आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातल्या काळ्या लोकांत ५ पेक्षाही कमी. म्हणजे दहा-बारा पटींहून जास्त फरक! एवढा मोठा फरक फक्त जीन्समुळे पडेल हे पटत नाही, कारण माणसं देश बदलतात तेव्हा हा आकडाही बदलतो. जपानमधून हवाईला गेलेल्या कुटुंबांचं उदाहरण सगळ्यांना माहितेय, जपानमध्ये एकेकाळी हा आजार कमी होता आणि हवाईत त्यांच्या पुढच्या पिढीत तो अमेरिकन लोकांइतका किंवा त्याहूनही जास्त झाला. जीन्स तीच, ताट वेगळं.

ही शंका नवीन नाही. डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश सर्जन होते, युगांडात कित्येक वर्षं काम केलेले (बर्किट लिम्फोमा हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो), त्यांनी १९७१ साली मांडलं की आफ्रिकेच्या खेड्यात भरपूर चोथा असलेलं खाणं आहे म्हणून तिथे आतड्याचा कॅन्सर दुर्मिळ आहे. तिथून फायबर हा शब्द जगभर पसरला आणि मग प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर येऊन बसला. पण बर्किट यांच्याकडे निरीक्षण होतं, प्रयोग नव्हता. आणि ज्यांनी पुढे प्रयोग केला ते स्टीफन ओकीफ, पिट्सबर्ग विद्यापीठाचे पोटविकारतज्ज्ञ, आधी दक्षिण आफ्रिकेत काम केलेले, त्यांच्याच गटाने १९९९ साली उलट लिहिलं होतं, की आफ्रिकन लोकांत हा कॅन्सर कमी असण्याचं नातं प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ कमी खाण्याशी दिसतंय, फायबरशी नाही. कारण तोपर्यंत तिथल्या लोकांच्या मक्याच्या पिठातला कोंडा गिरणीत निघून जायला लागला होता आणि तक्त्यावर मोजलं तर फायबर फार भरत नव्हतं, तरी कॅन्सर कमीच.

मग हे कोडं सुटलं कसं? तर त्यात एक गोष्ट मोजलीच जात नव्हती, ती म्हणजे न पचणारा स्टार्च, ज्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. मक्याचं घट्ट पीठ शिजवून ते गार केलं की त्यातला काही स्टार्च परत आवळून बसतो आणि लहान आतड्यात पचत नाही, तसाच मोठ्या आतड्यापर्यंत जातो. झुलू लोकांचं उफुथु म्हणजे मक्याचं मोकळं, भुरभुरीत शिजवलेलं पीठ, ते बरेचदा गारच खातात, अमासी नावाच्या आंबवलेल्या दुधाबरोबर. जुन्या पद्धतीच्या फायबरच्या तक्त्यात हा स्टार्च धरलाच जात नसे, पण आतड्यातल्या जिवाणूंच्या दृष्टीने तो फायबरच. आपल्याकडचा रात्रीचा उरलेला गार भात, शिळी भाकरी यातही हे थोड्याफार प्रमाणात होतं.

आता प्रत्यक्ष प्रयोग. दोन्हीकडून २०-२० निरोगी माणसं घेतली, वय ५० ते ६५. आधी दोन आठवडे त्यांना घरी आपापलं नेहमीचं खाऊ दिलं आणि नोंदी ठेवल्या. मग दोन आठवडे त्यांना एका जागी ठेवून जेवण संशोधकांनीच दिलं आणि ते उलटं दिलं: पिट्सबर्गच्या लोकांना आफ्रिकन खेड्याच्या धाटणीचं, आणि क्वाझुलू-नातालच्या लोकांना अमेरिकन. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा कोलोनोस्कोपी (म्हणजे आतड्यात कॅमेऱ्याची नळी सोडून बघणं), आतड्याच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणी, शिवाय शौच आणि लघवीचे नमुने. जेवणाचा हिशोब असा बसवला होता की वजन आहे तिथेच राहील. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तीच सगळ्यात महत्त्वाची ठरते.

जेवणात फरक किती होता बघा. अमेरिकन गटाचं फायबर दिवसाला १४ ग्रॅम होतं ते ५५ ग्रॅमवर नेलं आणि चरबीतून मिळणाऱ्या कॅलरी ३५ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणल्या. आफ्रिकन गटाचं फायबर ६६ ग्रॅमवरून १२ वर आलं आणि चरबी १६ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली. मांसाचं प्रमाणही त्याच दिशेने बदललं. एका गटाला सॉसेज, बर्गर, तळलेले बटाटे असलं जेवण मिळालं आणि दुसऱ्याला मका, कडधान्य, भाज्या, फळं.

पहिली कोलोनोस्कोपी झाली तेव्हाच एक गोष्ट समोर आली. अमेरिकन गटातल्या २० पैकी ९ जणांच्या आतड्यात पॉलिप सापडले. पॉलिप म्हणजे अस्तरावर उगवलेली छोटी गाठ, बहुतेक निरुपद्रवी असतात पण त्यातल्या काही प्रकारच्या गाठी वर्षानुवर्षं वाढून कॅन्सर होऊ शकतात. आफ्रिकन गटात एकही नाही, एकसुद्धा नाही. आणि हे लोक पेशंट नव्हते हो, निरोगी म्हणून निवडलेले, कसलाही त्रास नसलेले. ते पॉलिप तिथेच काढून टाकले. मला हा भाग वाचताना नेहमी वाटतं की या नऊ जणांना आपल्या पोटात काहीतरी वाढतंय याचा पत्ताच नव्हता, आणि अभ्यासात नाव घातलं नसतं तर कदाचित पुढची कित्येक वर्षं लागलाही नसता.

दोन आठवड्यांनी काय दिसलं ते आता सांगते. अमेरिकन गटात अस्तराच्या पेशी विभागण्याचा वेग उतरला (हा वेग केआय-६७ नावाच्या खुणेवरून मोजतात, पेशी वारंवार विभागायला लागल्या की चुकीची शक्यता वाढते), आणि अस्तरातली सूज दाखवणाऱ्या पेशीही कमी झाल्या. आफ्रिकन गटात नेमकं उलट, दोन्ही गोष्टी वाढल्या. ब्युटिरेट नावाचं एक आम्ल असतं, ते अमेरिकन गटात अडीच पट झालं आणि आफ्रिकन गटात निम्म्यावर आलं. आणि दुय्यम पित्ताम्लं, म्हणजे जिवाणूंनी पित्तरसात फेरफार करून बनवलेली आम्लं, ती अमेरिकन गटात ७० टक्क्यांनी घटली आणि आफ्रिकन गटात ४०० टक्क्यांनी वाढली. फक्त दोन आठवड्यांत! आयुष्यभर मका आणि घेवडा खाल्लेल्या माणसाचं आतडं चौदा दिवसांत इतकं बदलतं हे कळल्यावर मला आनंद आणि भीती दोन्ही एकदम वाटलं, आनंद यासाठी की पन्नाशी ओलांडलेल्या माणसालासुद्धा उशीर झालेला नाही, आणि भीती यासाठी की चांगलं आतडं बिघडायलाही तेवढेच दिवस पुरतात.

हे ब्युटिरेट आणि पित्ताम्ल म्हणजे काय ते जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण या दोनावर उभं आहे.

आपण जे खातो त्यातलं बहुतेक लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्यात पोचतं ते उरलेलं, न पचलेलं. तिथे अब्जावधी जिवाणू राहतात आणि त्यांचं पोट या उरल्यासुरल्यावर भरतं. फायबर आणि न पचणारा स्टार्च मिळाला की ते तो आंबवतात आणि त्यातून छोटी स्निग्धाम्लं बनतात, त्यातलंच एक ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा रक्तातल्या साखरेवर नाही तर या ब्युटिरेटवर काढतात. शिवाय ब्युटिरेट सूज आवरतं, आणि बिघडलेल्या पेशीला वाढू न देता मरायला लावणारे जीन चालू करायला मदत करतं. म्हणजे फायबर पोट साफ करतं एवढंच जे आपण ऐकत आलो ते अर्धवट आहे, फायबर हे जिवाणूंचं जेवण आहे आणि जिवाणूंनी तयार केलेलं आपल्या अस्तराचं जेवण.

दुसऱ्या बाजूला चरबी. चरबी पचवायला यकृत पित्तरस सोडतं, जेवणात तूप-तेल-मांस जितकं जास्त तितका पित्तरस जास्त. त्यातली जवळपास ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जातात, राहिलेली मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले काही जिवाणू त्यांची डीऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक आम्लं बनवतात. ही आम्लं जास्त काळ, जास्त प्रमाणात अस्तराला लागत राहिली की पेशींना इजा होते, डीएनएलाही होते, मग दुरुस्तीसाठी पेशी भराभर विभागतात. आणि फायबर आंबलं की आतड्यातलं वातावरण थोडं आंबट होतं, त्या आंबटपणात हे रूपांतर करणारे जिवाणू मंदावतात. म्हणजे एकच ताट दोन्ही टोकांनी काम करतं, चांगलं वाढवतं आणि वाईट रोखतं, किंवा दोन्ही उलट.

अजून एक बारकावा. या प्रयोगात जिवाणूंच्या जातींची यादी उलटीपालटी झाली असं नाही, यादीपेक्षा त्यांचं काम जास्त बदललं. आफ्रिकन गटात प्रेव्होटेला नावाचे जिवाणू भरपूर, अमेरिकन गटात बॅक्टेरॉइड्स, हा मूळ फरक लवकर पुसला जात नाही, पण पुढ्यात काय आलं त्याप्रमाणे तेच जिवाणू काय बनवतात ते मात्र झटकन बदलतं. म्हणून शौचाची महागडी टेस्ट करून तुमच्यात अमुक जिवाणू इतके टक्के असा रिपोर्ट देणाऱ्या पॅकेजवर पैसे घालण्याआधी विचार करा, यादीवरून फार काही ठरत नाही असंच मला वाटतं.

आता लठ्ठपणा कुठे आला यात?

लठ्ठपणा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर यांचं नातं पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये शरीरातल्या जादा चरबीशी जोडलेले १३ कॅन्सर सांगितले त्यात हा आहेच. पोटाभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही, ती सूज वाढवणारी रसायनं सोडते, इन्सुलिन चढं ठेवते, आणि इन्सुलिन हे स्वतःच पेशींना वाढा म्हणून सांगणारं हार्मोन आहे. उंदरांवरच्या कामात २०१६ साली असंही दिसलं की चरबीने भरलेलं खाणं दीर्घकाळ दिलं की आतड्याच्या अस्तरातल्या मूळपेशींची (ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्यांची) संख्या वाढते आणि गाठी होण्याची क्षमताही वाढते. उंदीर म्हणजे माणूस नाही, तरी दिशा कळते.

पण मग पिट्सबर्गच्या प्रयोगाकडे परत या. तिथे वजन स्थिर ठेवलं होतं. कुणी बारीक झालं म्हणून अस्तर सुधारलं असं म्हणायला जागाच नाही, आणि कुणी जाड झालं म्हणून बिघडलं असंही नाही. वजनकाट्यावर आकडा तोच आणि आत सगळं वेगळं. या प्रकरणातून मला सांगायचंय ते हेच. आपण वजन हा एकमेव मापदंड धरून बसलोय, पाच किलो उतरले की झालं, आणि ते कसे उतरले याच्याशी देणंघेणं नाही. समजा कुणी भात-भाकरी-डाळ सगळं बंद करून फक्त चिकन, अंडी, पनीर, बटर यावर तीन महिने काढले, वजन उतरेल, साखरही उतरेल कदाचित, पण त्या तीन महिन्यांत मोठ्या आतड्याच्या वाट्याला काय आलं? जवळपास तेच जे त्या आफ्रिकन गटाच्या वाट्याला दोन आठवडे आलं होतं, फायबर तळाला आणि जवळपास निम्म्या कॅलरी चरबीतून. असा डाएट करणाऱ्याला कॅन्सर होईल असं मी अजिबात म्हणत नाहीये, पुरावा तिथपर्यंत जात नाही, पण वजन कमी झालं म्हणजे पोटाचंही भलं झालं असं आपोआप धरू नका एवढं नक्की म्हणते.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर वजनाचा आकडा आणखीच फसवा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बीएमआय नॉर्मल आणि चरबी दुपटीहून जास्त. म्हणून हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं अशा आपल्या माणसांनी मी कुठे लठ्ठ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या मोठ्या माणसांत सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के आढळला, या दोन आकड्यांमधलं अंतरच सगळं सांगतं.

आणि जिवाणूंच्या बाजूने बघितलं तर आपण पिट्सबर्गपेक्षा क्वाझुलू-नातालच्या जवळ आहोत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीय माणसांच्या आतड्यातले जिवाणू तपासले तेव्हा २०१६ मध्ये प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा यांचं प्रमाण भरपूर असल्याचं दाखवलं. पिढ्यानपिढ्या धान्य, डाळी, भाज्या खाल्ल्याची ही कमाई आहे, ती उडवायला वेळ लागत नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांचा अभ्यास २०१८ साली आला, त्यात अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच त्यांचे प्रेव्होटेला कमी व्हायला लागले, फायबर पचवणारी क्षमता घटली, आणि जितकी वर्षं जास्त आणि जितका लठ्ठपणा जास्त तितकं हे नुकसान जास्त. न्यू जर्सीत किंवा ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी घरांनी हे वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं, पण खरं तर हिंजवडीत राहून रोज ॲपवरून मागवून खाणाऱ्यालाही तेच लागू आहे, विमानात बसायची गरज नाही.

आता या प्रकरणाच्या मर्यादा, आणि त्या झाकून ठेवणं मला पटत नाही. एक तर माणसं फक्त चाळीस. दुसरं, फायबर वाढवलं आणि त्याच वेळी चरबी घटवली, मांसही घटवलं, त्यामुळे नेमका कशाचा किती वाटा हे वेगळं काढता येत नाही. तिसरं, अमेरिकन कृष्णवर्णीयांची मुळं बरीचशी पश्चिम आफ्रिकेतली आणि झुलू लोक दक्षिणेचे, त्यामुळे दोघांचे जीन्स एकच आहेत असं म्हणणं सैल आहे. पण सगळ्यात मोठी मर्यादा म्हणजे इथे कॅन्सर मोजलाच नाही. मोजले ते कॅन्सरकडे नेणाऱ्या वाटेवरचे खुणांचे दगड. मोठ्या आतड्यात गाठीपासून कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं किंवा जास्त लागतात, दोन आठवड्यांत तो मोजणं शक्यच नाही.

आणि जिथे वर्षानुवर्षं वाट बघून मोजलं तिथे निकाल निराश करणारे आले होते. अमेरिकेत पॉलिप काढलेल्या २,०७९ लोकांना निम्म्या-निम्म्या गटांत वाटून एका गटाला चार वर्षं कमी चरबी, जास्त फायबर, जास्त फळं-भाज्या असा आहार सांगितला, २००० साली निकाल आला, पॉलिप परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, ३९ टक्क्यांच्या थोडं पुढे. गव्हाच्या कोंड्याची ट्रायलही त्याच वर्षी आली, तिचाही उपयोग दिसला नाही. नंतर २००६ मध्ये ४८,८३५ बायकांच्या मोठ्या ट्रायलमध्ये चरबी कमी करूनही या कॅन्सरमध्ये घट दिसली नाही. ज्या लोकांना आनुवंशिक लिंच सिंड्रोम आहे, म्हणजे ज्यांना हा कॅन्सर व्हायचा धोका जन्मतःच खूप जास्त, त्यांना ब्रिटनमधल्या संशोधकांच्या कॅप-२ या ट्रायलमध्ये रोज ३० ग्रॅम न पचणारा स्टार्च दिला होता, २०२२ चा निकाल सांगतो की मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी झाला नाही, मात्र इतर कॅन्सर, विशेषतः जठर-स्वादुपिंड अशा वरच्या भागातले, कमी दिसले.

मग कोण बरोबर? मला ओकीफ यांचा मुद्दा पटतो, तो असा की आधीच्या ट्रायलमध्ये डोस अपुरा होता. सांगितलं जास्त, खाल्लं कमी, आणि घरी राहून चार वर्षं आहार पाळणं कुणालाच सोपं नसतं. क्वाझुलू-नातालची माणसं दिवसाला ६६ ग्रॅम खात होती, लहानपणापासून, आणि गाठ एकदा होऊन गेलेल्या पन्नाशीच्या माणसाला थोडा कोंडा वाढवून दिला तर तीच गोष्ट घडेल असं मानणं जरा भाबडं आहे. पण हे माझं मत, ते अजून सिद्ध झालेलं नाही. निरीक्षणाच्या अभ्यासांचा मोठा गठ्ठा मात्र एकाच दिशेला बोट दाखवतो: २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा की रोजचं फायबर दर १० ग्रॅमने वाढलं की धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी. आणि प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, आयएआरसीने २०१५ मध्ये स्पष्टच सांगितलं की त्याने कॅन्सर होतो, रोज ५० ग्रॅममागे धोका १८ टक्क्यांनी जास्त. दारूही याच यादीत आहे, ती आपल्याकडच्या चर्चेत नेहमी गळते.

५५ ग्रॅम फायबर म्हणजे ताटात नक्की काय, हे मी मांडून बघितलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्यात १०० ग्रॅममागे साधारण १० ते ११ ग्रॅम फायबर आहे, गव्हाच्या कणकेतही ११ च्या आसपास, आणि पांढऱ्या तांदळात व मैद्यात ३ सुद्धा नाही. बहुतेक अख्ख्या कडधान्यांत १५ च्या वर. म्हणजे दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी धरल्या तर १८-२० ग्रॅम, मटकी किंवा चवळीची दोन वाट्या उसळ ९-१०, पालेभाजी-फळभाजी-कोशिंबीर मिळून पाव किलोभर खाल्ली तर आणखी ८-१०, एक मोठा पेरू ८-९, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे ४-५. बेरीज पन्नासच्या आसपास जाते. म्हणजे कुठल्याही पावडरीशिवाय, साध्या गावाकडच्या ताटाने पोचता येतं. पण याच माणसाचा दिवस पोहे, दुपारी पांढरा भात आणि पातळ वरण, संध्याकाळी खारी-चहा, रात्री पनीर आणि बटर नान असा गेला तर तो अमेरिकन गटाच्या १४ ग्रॅमच्या जवळ जाऊन पोचतो, पूर्ण शाकाहारी असूनसुद्धा. आपण व्हेज आहोत म्हणून सुरक्षित आहोत असं मानणाऱ्या घरांना हे सांगणं फार गरजेचं वाटतं मला. ज्या घरात मटण-मासे खातात त्यांनी ते सोडावं असं हे प्रकरण सांगत नाही, बाजूला भाकरी आणि उसळ किती आहे हे बघा, आणि फ्रीजरमधले सॉसेज-नगेट्स रोजचे होऊ देऊ नका.

वाढवताना मात्र हळू. आठवड्याला थोडं थोडं, पाणी वाढवत. एकदम उडी मारली की पोट फुगतं, गॅस होतो, आणि मग माणूस म्हणतो हे आपल्याला सोसत नाही आणि सोडून देतो, वास्तविक जिवाणूंना सवय व्हायला काही दिवस लागतात. ज्यांना आतड्याचा टीबी होऊन गेलाय, आतडं कुठे अरुंद झालंय, क्रोहन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, पोटाचं ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय असलं काही करू नये, त्यांच्यासाठी जास्त फायबर त्रासाचं ठरू शकतं.

आणि त्या नऊ जणांच्या पॉलिपबद्दल. त्यांच्या गाठी आहाराने विरघळल्या नाहीत, कोलोनोस्कोपीत काढल्या. आहार कितीही सुधारला तरी आधीच असलेली गाठ दुर्बिणीनेच काढावी लागते. अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण धोक्याच्या माणसांनाही ४५ व्या वर्षापासून तपासणी करायला सांगतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही, त्यामुळे ते आपल्यालाच बघावं लागतं. घरात आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर तपासणी कितव्या वर्षी सुरू करायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, ती लवकर सुरू करावी लागते. शौचातून रक्त पडलं की मूळव्याध असेल म्हणून महिनोन् महिने मलम लावत बसणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, लाजेपायी बायकोला किंवा मुलांनासुद्धा सांगत नाहीत. रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना घटणारं वजन, किंवा पुरुषाच्या रक्तात लोह कमी होऊन हिमोग्लोबिन उतरलेलं, यातलं काहीही दिसलं तर तीस वर्षांच्या मुलानेही डॉक्टरकडे जाऊन नीट तपासून घ्यायचं, वय लहान आहे म्हणून टाळायचं नाही.